पिवळ्या रेघेच्या अलीकडं

दोन नमुने. दोन्ही एकाच ओताचे,
शिरोलीच्या भट्टीवर बाबालालचाचांनी ओतलेले.
एक उघड्या हवेत निवला,
दुसरा चुंबकाच्या पोटात.

चाचा आत आले नाहीत.
मांडीत सळई आहे, ट्रॉली उलटली तेव्हापासूनची.
पिवळ्या रेघेला चपला टेकवून उभे,
मनगटावरचं घड्याळ तेवढं काढून माझ्या हातात दिलं.

मग कापणं, घासणं, एमरीचे पाच कागद,
मखमलीवर आरसा होईस्तोवर फिरवणं,
आम्लाचा थेंब. दहा आकडे. पाणी.

मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाले,
"हा तर गंगावेशीतला दूधकट्टा,
कोण कुणीकडं तोंड करून उभा, नेम न्हाई."
दुसऱ्यावर मात्र बराच वेळ गप्प.
"सगळी एकाच कुशीवर निजल्यात की गं."

पातळ असतानाच वळतात, मी सांगत होते,
रवा धरला की मग
चुंबक काढला तरी
वळण जात नाही. उभ्या ताणाला चिवट—

"आणि आडवं हाणलं तर?"

वहीत आकडा होता. वाचला नाही.
आडवं हाणलं तर लवकर फुटतं, चाचा.

ते नुसतं हं म्हणाले,
आणि पहिला नमुना पुन्हा लावायला सांगितला.

घड्याळ परत देताना पाहिलं,
चार दहाला थांबलेलं.
माझ्याच खिशातून रेघेपलीकडं गेलं होतं.
त्यांनी कानाला लावलं, हलवलं,
तसंच मनगटावर बांधलं.
"ऱ्हाऊ दे. सुट्टीचा भोंगा
ऐकू येतोय की."