नमुना क्रमांक सतरा

देवळीच्या पॉलिटेक्निकात रात्रपाळीला मी
आणि ते यंत्र: सेकंदाला दहा वेळा
वीतभर पट्टी ओढायची, सोडायची.
काचेचे धागे, राळ, आणि राळेत या खेपेला
डोळ्याला न दिसणारी वाळूची पूड.

बिनपुडीची सोळावी
पहाटे चहा उकळताना गेली.
तीन लाख चार हजार.
त्याआधी दोनदा कुर्र झालं होतं.
आलेखात काही उमटलं नाही म्हणून
मीही लिहिलं नाही.

माझा बाप झिबल, बांबूची कामटी
कानाशी नेऊन वाकवायचा.
"मोडाच्या आंधी बोलते ते, पोरी.
आपुनच आयकत नाही."
सुपं, टोपल्या, कणग्या. चाळीस वर्षं
उकिडवा.

खापर्डे सर सांगतात:
भेग पुढे सरकते, कणाशी अडते,
वळसा घेते, पुन्हा अडते.
म्हणजे दमायचं ते भेगेनं!
हे मला फार आवडलं.
बापाच्या मणक्यात मात्र
कुणी काही मिसळलं नव्हतं.

सतरावी दुसऱ्या रात्रीत शिरली.
नऊ लाख.
पलीकडे तुरीत रानडुकरांवर
कुणीतरी डबा बडवतोय.
साडेनऊ.
मी कान लावून बसलेली,
आणि कुर्र नाही, काही नाही,
नुसती यंत्राची धाप.

मग लाईन गेली.

अंधारात चाचपली तर पट्टी कोमट,
दिवसभर वाकलेल्या पाठीसारखी.
टॉर्च तोंडात धरून वही भरली.
नमुना: शाबूत.
थांबण्याचे कारण:
वीज.