सात नंबरचं मशीन

कुतैसीत सकाळी सातला अजून अंधारच असतो.
गाडीच्या आरशात मी रोजचं वाक्य म्हणून बघते:
"हो, सगळं ठीक चाललंय."
आज तिसऱ्या खेपेला आवाज जागेवर आला.

आत बारा मशीनं, तुर्कस्तानातून जुनी आणलेली,
मोजे विणतायत. राखाडी, राखाडी, मग एक लाल पट्टी.
पगाराला चार दिवस.
बत्तीसशे लारी कमी.
हा आकडा मी झोपेतही उलटा करून बघितला,
खाली काही लपलेलं नाही.

आईची अंगठी बोटात नाही, हे अजून कुणी विचारलं नाही.
वाझाने विचारलं तर सांगायचं, सैल झाली होती.
पंचवीस वर्षांच्या नवऱ्यासाठी
आधी वाक्य तयार करून ठेवते,
गिऱ्हाइकाला बिल करावं तसं.

दहाच्या चहाला लामारा आली,
हातात चुर्चखेला, द्राक्षरसात बुडवलेली अक्रोडांची माळ.
पोराच्या घराला कर्ज मंजूर झालं म्हणे.
"बँकवाली विचारते, नोकरी पक्की आहे का?
मी तुमच्या सहीचा कागद पुढे केला.
सही बघून गप्पच झाली बाई."
सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी.

मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला
आणि पाणी नुसतं वाहू दिलं.
वीस वर्षांचं कर्ज!
माझ्या सहीला चार दिवसांपलीकडचं दिसत नाही,
आणि ही तिच्यावर छप्पर घालायला निघाली.
राग आला. कुणाचा, ते कळेना.
खरं सांगायचं तर थोडा लामाराचाच.
विश्वास टाकण्याआधी विचारायचं तरी.

कधी वाटतं, विकून टाकावं सगळं,
तिच्याच शेजारच्या स्टुलावर बसावं,
पाचाच्या ठोक्याला ॲप्रन खुंटीला अडकवावा
आणि रिकाम्या पिशवीसारखं डोकं घेऊन
घरी चालत जावं, पुलावरून, नदी बघत.

बाहेरून हाक आली. सात नंबर बंद पडलंय.
सुई मोडली होती. झाकण काढलं,
तुकडा चिमट्यात धरून ओढला,
नवी बसवली, धागा ओवला.
वीस मिनिटं मी कुणाची मालकीण नव्हते.
मशीनला चेहरा वाचता येत नाही,
किती बरं वाटलं.

चालू केलं. राखाडी, राखाडी,
मग लाल पट्टी, जिथे यायला हवी तिथेच.
लामाराने मान वर न करता विचारलं,
"झालं ना ठीक?"
"हो," म्हटलं.
तेवढ्यापुरतं खरं होतं ते.

चुर्चखेला टेबलावर आहे, बिलांच्या गठ्ठ्यावर.
एक अक्रोड मोडून खाल्ला. गोड आहे.
सूतवाल्याला फोन लावायचाय आता.
नंबर फिरवते. घंटा वाजतेय.
आवाज अजून तेलकटच आहे.