आतला दाब

मी धुळ्याचा.
फहाहीलमध्ये हे सांगून उपयोग नाही,
इथे कुणालाच हसू येत नाही.

सकाळी अकराला आभाळ गेरूचं झालं.
आधी समोरच्या गच्चीवरच्या डिश गेल्या,
मग समोरची इमारत.
ऑफिसनं कळवलं, घरूनच करा.
दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला,
खिडकीला खाकी टेप,
एसीच्या तोंडाला हर्षलाची जुनी ओढणी.
कॉम्प्युटरवर उशीचा अभ्रा घातला,
पोपटाच्या पिंजऱ्यावर रात्री घालतात तसा,
आणि काम आलं म्हणून लगेच काढला.

दुपारी पंखा धापा टाकू लागला.
दम्याचा माणूस जिना चढून आला की
बोलण्याआधी हात वर करतो, थांब म्हणतो,
तसा स्क्रीन थांबला.

हवल्लीच्या इद्रीसला फोन केला.
यातला एकेक भाग त्याच्याच गाळ्यातून आणलेला.
म्हणाला, फुंकू नकोस. फुंकरीत थुंकी असते.
व्हॅक्युम तर लावूच नकोस.
रंगाचा मऊ ब्रश घे,
आणि पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव,
मोकाट फिरू देऊ नकोस.

चार स्क्रू. बाजूचा पत्रा.
आत धूळ म्हणावी अशी नव्हतीच, नमदा होता.
वरचा थर आजचा, पिवळा, बेसनासारखा.
त्याखाली ब्लँकेटची राखाडी लव.
पंख्याच्या आसाला एक लांब केस, सात वेढे.
आणि तळाला, जाळीत अडकलेली
हिरवी चमकी:
ओवीचा ज्वालामुखी, सहावीतला.
(लाव्हा हिरवा का, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.)
आता ती नववीत आहे, देवपूरला, मामाकडे.
हर्षलाही तिथेच.

म्हणजे सव्वादोन वर्षं मी घर रोज पुसत होतो
आणि घर इथे येऊन बसत होतं.

ब्रश धरून किती वेळ बसलो कोण जाणे.
मग केलं साफ.
रात्री नऊला पाइपांची यादी दम्मामला जायची होती.

इद्रीसचा परत फोन.
पुढे दोन पंखे बसव, जाळीसकट. मागे एकच.
येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेव.
आतला दाब वाढला की
फटींतून काही शिरत नाही.
मी म्हटलं, सोपं आहे.
तो म्हणाला, ओम्दुर्मानच्या घरी नाही जमलं.
फटीचा प्रश्नच नव्हता,
दारच राहिलं नव्हतं.
मग बराच वेळ दोघांच्याही फोनवर
नुसता वारा.

संध्याकाळी आईनं विचारलं,
तठे बी धूयच शे का रे?
शे, म्हटलं.

बंद मॉनिटरवर बोटानं काढून पाहिलं,
ग म भ न.
न चुकला. वळण गेलंय हातातलं.
पुसलं.

जाळी मिळेपर्यंत काहीतरी हवं होतं.
कपाटाच्या तळाशी शाळेचा मोजा सापडला,
पांढरा, नायलॉनचा, एकच.
उसवला, ताणला, पंख्यापुढे टेपनं बसवला.
बटण दाबलं.
मोजा आत ओढला गेला,
मधोमध खळगा पडला
टाचेएवढा.