दशांश

शाळेमागचं कोठार सहाशे वर्षांचं.
दगडी भिंती, ओकचे वासे, आत आता एक ट्रॅक्टर
आणि वर आढ्याला गव्हाणी घुबड.
पूर्वी इथे गावच्या पिकातला दहावा वाटा
चर्चच्या नावाने मापून घ्यायचे.
हे मिस्टर पेनहॅलो सांगतात. किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

सोमवारी त्यांनी तेरा गोळे आणून दिले,
घुबडाने ओकलेले. काळे, हलके,
फॉइलमध्ये गुंडाळून रीतसर भाजलेले.
मी चिमटे वाटले, टेबलांवर जुनी वर्तमानपत्रं पसरली.

टॅम्सिनला कवटी मिळाली, नखाएवढी.
दाढा नागमोडी, म्हणजे गवत खाणारा उंदीर.
रोरीच्या जबड्यात दातांची टोकं तांबडी,
पान खाऊन आल्यासारखी.
ही चिचुंद्री. ही किडे खाते,
किडे पानं खातात, पानं ऊन.
म्हणजे रोरीच्या घुबडाला ऊन
एक घर उशिरा पोचलं.

मी फळ्यावर लिहिलं :
गवत हजार, उंदीर शंभर, घुबड दहा.
"मिस कार्लेकर, मधले नऊशे कुणी ढापले?"

कुणी नाही रे.
बरेचसे तोंडापर्यंत आलेच नाहीत, मातीतच राहिले.
बाकीचे उंदीर पळाला त्यात गेले,
नोव्हेंबरात कुडकुडला त्यात,
पिल्लं चाटली त्यात.
वर पंखांची सावली आली, तो दगडासारखा थिजला,
पण छाती धडधडतच होती.
त्यातही.

कोठाराचाच हिशेब हा.
नऊ वाटे ज्याच्या त्याच्या घरी खपतात,
एक वर जातो.

टॅम्सिन फासळ्या मोजत होती. मान वर न करता म्हणाली,
"आणि हे केस? हे तर घुबडालाही पचले नाहीत."
मला उत्तर सुचलं नाही.
केसांचा तो पुंजका मी बिस्किटांच्या डब्यात ठेवला,
झाकण नीट न बसणाऱ्या, आणि विसरले.

जुलैत, सुट्टीआधी कपाटं आवरताना
डबा हाती लागला.
केस निम्मे गायब. तळाशी रवाळ भुगा,
रेशमाच्या दोन-तीन रिकाम्या नळ्या,
आणि एक भुरकट पतंग
लटपटत उठला, माझ्या मनगटावर जरा टेकला
आणि भर दुपारी
ट्यूबलाइटकडे गेला.

वीज जपून वापरा, अशी सूचना दारावर लावलेली.
मी दिवा तसाच राहू दिला.