अर्थिंग

मुदस्सरकडून मिक्सर आणला, सेकंडहँड, बावीसशेला.
आई म्हणाली, शेंगाचटणी उखळातच बरी लागते.
मग तो पिशवीतून निघाला :
जेवणाच्या डब्याएवढा, चार चॅनेलचा,
एका नॉबची टोपी गेलेली,
तिथे बाटलीचं झाकण बसवलेलं.

पहिल्यात महानंदा बिराजदार.
दिवसा टॉवेलच्या कडा शिवते, रात्री हळदीला गाते,
माईक ओठांना चिकटवून धरते, की लाल दिवा पेटतो.
मी गेन उतरवतो, ती भुवई उचलते.
दुसऱ्यात ढोलकी. तिसऱ्यात कॅसिओ,
त्याचा वरचा सा मुका आहे,
तिथे आला की गण्या तोंडानेच म्हणून टाकतो.
चौथ्यात खरखर. तो आम्ही कुणाला देत नाही.

विडी घरकुलातला पत्र्याचा हॉल, पन्नास खुर्च्या, एक कूलर.
नवरदेवाचा मामा येऊन विचारतो, अजून वाढतो का?
वाढतो.
कमी करायचे पैसे कुणी देत नाही.

पण घरी रेकॉर्डिंगला बसलो
की सगळ्यांच्या खाली एक आवाज.
हूंऽऽऽ
गाण्याच्या आधीपासून, गाणं संपल्यावरही.
शेजारी सादुलांचे माग आहेत,
पण माग खटखटतो, हा घुमतो.
एकदा रात्री तीनला हातापाया पडून माग बंद करवले.
हा होताच.
लाईट गेली की थांबायचा,
पण तेव्हा मिक्सरही थांबायचा.
केबल बदलल्या. बेस पार खाली नेला,
महानंदाचा आवाज शेवटच्या वाटीतल्या ताकासारखा झाला.
हूं तसाच, दाट.

नायना तीस वर्षं जॉबर होते,
मागाशेजारी उभे राहून अर्धे कान तिथेच ठेवून आले.
बारीक आवाज त्यांना येत नाहीत,
कुकरची शिट्टी, नातीची कुरकुर, फोन.
ते आले, खोक्यावर तळहात ठेवला,
ताप बघायला ठेवतात तसा.
मग उलट्या बोटांनी लॅपटॉपच्या कडेला हलकेच शिवले.
"अर्थ लेदू," म्हणाले.

घरात आम्ही तेलुगूच बोलतो,
तरी त्या क्षणी मला ते मराठीत ऐकू आलं.
दोन महिने जागून केलेल्या नऊ गाण्यांकडे बघत
मी म्हणालो, हो नायना, मलाही हल्ली तसंच वाटतं.
ते आधीच उठले होते,
बोर्ड उघडून तिसऱ्या भोकामागे बघत होते.
घर बांधल्यापासून तिथे भोक होतं,
तार नव्हती.

रविवारी मोरीमागे खणलं. तीन फुटांवर काळा दगड लागला,
म्हणून आडवं खणलं.
तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ
(आईच्या बरणीतलं, न विचारता).
हिरवी तार खिडकीतून आत.
याला पाणी लागतं, नायना म्हणाले,
कोरडं पडलं की परत बोंबलेल.

पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं.

त्यामुळे रेकॉर्डिंगही आता पाचव्या दिवशी.
आई पहिली घागर पिंपात ओतते, दुसरी तुळशीला,
तिसरी शिव्या देत माझ्या खड्ड्याला.
गल्लीतल्या मोटारी अकराला थांबतात,
भांडणं साडेअकराला.
मग मी हेडफोन चढवतो, फेडर वर नेतो.
काही नाही.
इतकं काही नाही
की महानंदा श्वास घेते तो ओला लागतो.

परवा नायनांच्या कानांवर हेडफोन ठेवला,
झाकणाचा नॉब, तो ट्रेबलचा, पूर्ण उजवीकडे फिरवला.
दोन कडवी ते भिंतीकडे बघत बसले.
मग मोठ्याने म्हणाले,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्याने,
"हिच्या बांगड्या वाजतायत.
काढायला सांग."