दोन लवंगा

पान उताणं ठेव, पोरी. देठ खुड,
शिरा नखानं काढ. चुना आधी, मग कात.
बोट नुसतं टेकवायचं,
आणि भिंतीला पुसायचं नाही.
सिन्नरच्या राजवाड्यात तीस वर्षं
हे एक बोट माझं पांढरंच होतं.

मैळादेवीचं तबक मी धरायचे.
राणा माईदेव चांदोरच्या घाटात, जकातीच्या भांडणात,
आणि ही सज्जात उभी.
खाली देवळाचं काम चाललेलं,
छिन्नीचे घाव मोजत.

साल्हण पाथरवट. केसांत, पापण्यांत दगडाची भुकटी.
कारागिराला विडा पाठवायचा, हा दरबारचा मान,
त्यात कुणी काय बोलावं?
विडा मी न्यायचे. लवंगही मीच टोचायचे.
एक लवंग: आज ये, तिसऱ्या प्रहरी.
दोन: नको.
एवढीच त्यांची भाषा. अक्षर नाही, ओळ नाही.

तो माझ्या हाताकडे बघायचा नाही,
लवंगेकडे बघायचा.
एकदाच म्हणाला, तुझंही बोट पांढरं, माझंही.
आणि हसला.
ते हसू कनवटीला बांधून
मी किती दिवस हिंडले, ते सांगण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी देवनदीवर धुकं होतं.
राणीनं वेणीत मरवा खोवला. म्हणाली, एक.
जिन्याला सोळा पायऱ्या.
अकरावीवर मी थांबले,
तबकातली दुसरी लवंग उचलली
आणि टोचली.
कुणी ढकललं नाही मला. अंगात काही आलं नव्हतं.
म्हटलं, एक रात्र, एक रात्र तरी
तिनंही बघावं रिकाम्या दाराकडे
डोळे दुखेपर्यंत.

मध्यरात्री दिवट्या आल्या.
राणा चार दिवस आधीच परतलेला, घोड्यांच्या तोंडाला फेस,
कुणीतरी कान भरलेले.
पडदे ओरबाडले, पेटारे उपसले,
पलंगाखाली भाले खुपसले.
राणी एकटी.
समईची वात सारत बसलेली.

सकाळी तिनं माझे दोन्ही हात धरले,
कपाळाला लावले.
तिला वाटलं, मला आधीच कुणकुण लागली होती.
तिला वाटलं, मी राखलं.
मी बोलले नाही. तोंडात पान होतं.

मग हा पानमळा. नदीच्या अलीकडचे बारा वाफे,
विहिरीच्या पाण्यासकट,
चंद्रसूर्य असेतोवर.
शिळा कोरायला साल्हणच.
वर चंद्र, सूर्य. खाली गाढवाची शिवी,
जो हा मळा बळकावेल त्याला.
मधे ओळी. मला वाचता येत नाही,
भटांनी वाचून दाखवलं: पोमाईस, निष्ठेबद्दल.

निष्ठा! त्यानं ती घाव घालून घालून कोरली
माझ्या नावाशेजारी.
एका काना-मात्रेला किती वेळ लागला असेल,
किती वेळ मी त्याच्या हाताखाली होते,
याचा हिशेब मी अजून करते.

तो दुसऱ्याच दिवशी गोदा ओलांडून गेला.
गाठोडं मीही बांधलं होतं.
निघता निघता शिळेवरून हात फिरवला
तर ओळ संपते तिथं बोटाला काही लागलं.
दोन खुणा, शेजारी शेजारी.
भट म्हणाले, दंड आहेत ते,
ओळ संपली की काढतात.
असतील.
पण दंडाला वर बोंड असतं का, पोरी,
चार पाकळ्यांचं?

गाठोडं सोडलं मी. वेलींना पाणी दिलं.

राणीनं कधी काही विचारलं नाही.
शेवटच्या आजारात मात्र रोज विडा मागायची,
आणि खायची नाही.
उलटसुलट करून बघायची,
तशीच उशाला ठेवायची.

बघ, चुना सुकला बोलण्यात.
टाक ते पान. दुसरं घे.