बंधाऱ्याखाली

अश्विन लागला, बंधाऱ्याची दारं खाली आली
आणि नदी बसून राहिली,
जेवण होऊनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.
काळ्या दरडीच्या डोहात रात्री दोरी टाकली होती, एकवीस गळ.
पहाटे एकोणीस रिकामे, विसाव्याला एक शिंगाळा,
आणि एकविसावा येईनाच.
वाटलं, मुळीत अडकला.
मग मूळ हललं.

डोंग्यात बिसन होता, बहिणीचा पोट्टा.
"मावशे, साप!" म्हणून त्यानं वल्हं उचललं.
साप नव्हता, बाम होती.
दंडाएवढी जाड, पाठ चिखलाची, पोट नव्या ताटासारखं,
आणि डोळे मोठाले.
असे डोळे झाले, बाप म्हणायचा,
की ही आता खात नाही, ही आता निघाली.
खरंच, गळ तोंडात नव्हता. कानामागच्या पंखाला लागला होता.

बिसननं राखेचा डबा उघडला,
बुळबुळीत मासळी धरायला सगळेच लावतात.
"राख नको. सोलल्यासारखं होते तिला.
हात ओले कर. बारदाना ओला कर."
गळाची नांगी पकडीनं तोडली, आकडा उलटा काढला.
ती माझ्या मनगटाला वेटोळं घालून दाबत होती,
रागानं नाही, रस्ता शोधत.

घाटावर काटा घेऊन इस्तारी उभाच.
"पाच किलो भरते. नागपूरवाला उभ्यानं घेईल."
भावही सांगितला. तो मी इथं लिहीत नाही.
संस्थेच्या वहीत ठराव आहे, परदेसीन विकायची नाही,
खाली माझी सही: फुलवंता पैकू नान्हे.
परदेसीन हा बापाचा शब्द. वहीत तसाच गेला.

डोहातच सोडता आली असती.
पण डोहातून तिनं जायचं कुठं? समोर भिंत.
बाप सांगायचा, ही जन्मते खाऱ्या पाण्यात,
बोटाएवढी, काचेची असते तेव्हा वर चढते,
ओले खडक, पाझरत्या भिंतीसुद्धा,
आमच्या चिखलात वर्षानुवर्षं राहते
आणि एकदाच माघारी जाते.
बाप तरी कुठं गेला होता समुद्रावर?
मीठ आम्ही पाहिलं ते पुड्यातलं.

सुखराम गवळ्याचा कॅन मागितला, चाळीस लिटरचा.
अर्धं नदीचं पाणी, वर बारदाना.
बिसनची मोटारसायकल, मधे कॅन, मागं मी.
नऊ किलोमीटर, दोन्हीकडं निसवलेला धान.
नाक्यावरच्यानं विचारलं, "दूध कुठं चाललं?"
"खाली," म्हणलं.
खड्डा आला की ती आतून धडकायची
आणि माझ्या गुडघ्याला कळायचं.

बंधाऱ्याखाली पाणी गुडघाभर, पण धावतं.
कॅन आडवा केला.
पाणी आलं. बारदाना आला. ती आली नाही.
"मेली का वं?"
मी हात घातला. अलगद ओढली, तोंड धारेकडं केलं,
पोटाखाली तळवा ठेवून थांबले.
बिसननं तेवढ्यात दोन बिड्या ओढल्या.
मग तळव्यावरचं वजन
आधी कमी झालं,
मग नव्हतंच.

"समुद्र किती दूर आहे मावशे?"
नीट सांगता येईना. तेलंगणातून पुढं, म्हणलं,
आणखी पुढं.

डब्यातली राख कॅन घासायला कामी आली. तीनदा घासला.
तरी दुसऱ्या दिवशी सुखरामची बायको दारात,
दूध नासलं, वास येते.
दोनशे रुपये दिले.
वहीत कोणत्या खात्यात मांडायचे
ते अजून ठरलं नाही.